स्कँडिनेव्हियन घर हवंय पण दवाखाना नको, कोलशेतच्या २ बीएचकेत कसं जमवायचं?

पश्चिमेची_खिडकी

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

कोलशेतला आमच्या फ्लॅटचा ताबा मिळून दोन महिने झाले. कार्पेट ६२० स्क्वेअर फूट, हॉल आणि मोठी बेडरूम पश्चिमेला, खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो म्हणून घेतला आणि आता कळतंय की दुपारी तीननंतर हॉलमध्ये छत्री उघडून बसावं लागणार. असो. तर इंटिरियरवाल्याला मी "स्कँडिनेव्हियन" एवढा एकच शब्द सांगितला, चूक माझीच. त्याने थ्रीडी पाठवलं. पांढऱ्या भिंती, राखाडी सोफा, राखाडी गालिचा, भिंतीवर तीन त्रिकोण आणि कोपऱ्यात एक प्लास्टिकचा निवडुंग. सासूबाईंनी मोबाईल हातात घेतला, चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, "डॉक्टर कधी येणारेत?"

गंमत अशी की नवरा कंपनीच्या कामासाठी सहा महिने स्वीडनमध्ये गोथेनबर्गला होता (तिकडे त्याला 'योतेबोरी' म्हणतात हे तो चारचौघांत आवर्जून सांगतो) आणि तेव्हा त्याच्या ऑफिसातल्या एका बाईंचं घर मी व्हिडिओ कॉलवर बघितलेलं. तिथे यातलं काहीच नव्हतं हो. खिडकीत छोटे दिवे, फुलाफुलांचे पडदे, निळा रंग उडालेलं एक स्टूल, जमिनीवर पट्ट्यापट्ट्यांच्या सतरंज्या, भिंतीवर आजीच्या बशा. थोडा पसाराच म्हणा ना, पण बघताना वाटलं की इथे जाऊन बसावं आणि कोणीतरी कॉफी द्यावी. मग यातलं खरं स्कँडिनेव्हियन कुठलं? आणि तसं काही ठाण्यात, आपल्या पावसाळ्यात, जमतं का?

भांडणाचं मूळ वेगळंच आहे. माझ्या आजीचं गुहागरहून आणलेलं सागवानी कपाट आहे, दोन पाखी, वर कोरीव पट्टी, खाली खण. इंटिरियरवाला म्हणतो की थीममध्ये बसत नाही, एकतर काढा नाहीतर पांढरा चॉक पेंट मारू. मी म्हटलं विचार करते. रात्री झोप नाही लागली. बजेट किचन धरून सहा लाख. सुचवा प्लीज.

---

चहाबिस्किट

पहिला प्रश्न, घरात लहान मूल आहे का? आमच्याकडे पांढरा सोफा होता. होता.

---

परतलेला_ऐरोलीकर

मी स्वीडनमध्ये उप्सालाला नऊ वर्षं काढली, आता ऐरोलीत असतो, त्यामुळे या विषयावर बायको मला बोलू देत नाही, इथे बोलून घेतो.

ताई, तुम्ही व्हिडिओवर बघितलं ते खरं. थ्रीडीतलं जे आहे ते सगळ्या जगातल्या कॅटलॉगांची सरासरी आहे. पांढऱ्या भिंती तिकडे असतात, नाही असं नाही, पण त्याला कारण आहे. डिसेंबरात स्टॉकहोममध्ये सूर्य पावणेनऊला उगवतो आणि तीन वाजायच्या आत मावळतो, उजेड जेमतेम सहा तास, तोही मरतुकडा. तो घरभर परतवायचा म्हणून भिंती फिकट, जमीन फिकट, पडदे पातळ. ठाण्यात सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. तुमच्या हॉलची अडचण उजेड जास्त आहे ही आहे, आणि तुमचा माणूस कमी उजेडाचं औषध देतोय. पश्चिमेच्या खोलीत शुभ्र भिंती आणि ती बिल्डरची चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल, दुपारी डोळे मिटून बसाल.

आता रंगांचं. कार्ल लार्शोन म्हणून चित्रकार होता, त्याची बायको कारीन, तीही शिकलेली चित्रकार. दालार्ना भागातल्या सुंडबोर्न गावात त्यांना १८८८ साली कारीनच्या वडिलांनी एक छोटं घर दिलं आणि पुढे वर्षानुवर्षं ते दोघं त्याला खोल्या जोडत राहिले, रंगवत राहिले. त्या घराची त्याने काढलेली जलरंगातली चित्रं १८९९ साली पुस्तकात छापली गेली आणि आख्ख्या स्वीडनने आपलं घर कसं असावं हे त्यावरून ठरवलं म्हणायला हरकत नाही. मी ते घर जाऊन बघितलंय, आता ते लोकांना दाखवतात. जेवणाच्या खोलीत हिरवा आणि लाल रंग! पांढरं-राखाडी शोधून सापडणार नाही. कापडं कारीनने स्वतः विणलेली, फर्निचर तिने सांगून गावच्या सुताराकडून करून घेतलेलं. नाव मात्र नवऱ्याचं झालं, हे आपल्याकडेही चालतं.

आणि बाहेरून जी लाल घरं दिसतात ना फोटोत, तो रंग फालुनच्या तांब्याच्या खाणीतल्या मातीचा. त्यात लोहाचा अंश, म्हणजे आपल्या गेरूचा चुलतभाऊच. ती माती, पाणी, राईचं पीठ (राई म्हणजे ते धान्य, मोहरी नव्हे) आणि अळशीचं तेल असं शिजवून रंग करतात. माझ्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे खळच की.

तुम्ही बघितलेल्या सतरंज्या म्हणजे 'त्रासमाता', जुन्या कपड्यांच्या चिंध्या फाडून विणलेल्या. फिनलंडमध्ये तर त्या धुवायला हेलसिंकीत समुद्रकाठी खास लाकडी धक्के बांधलेत, उन्हाळ्यात बायाबापड्या, पोरं, सगळे ब्रश घेऊन हजर, घाटावर आल्यासारखे.

कपाटाला हात लावू देऊ नका. तिकडे प्रत्येक घरात एक तरी आजोबांच्या वेळची वस्तू असते, तिच्याभोवती बाकीचं बसवतात.

---

सुतारपक्षी

वरच्या प्रतिसादाशी सहमत पण जमिनीवर येऊ. अनुभवाचे बोल.

पाइन पाइन करत सगळे येतात. पाइन तिकडे कोरड्या थंडीत वाढतं आणि गरम केलेल्या घरात राहतं, आपल्याकडे जुलैत त्याचे ड्रॉवर फुगतात आणि मे महिन्यात परत सैल होतात, आणि वाळवीला तर ते मेजवानी. मऊ असतं, नखाने चरा पडतो. फिकट लाकूड हवंच असेल तर किचनमध्ये आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणारं) प्लाय घ्या, शिक्क्यावर आयएस ७१० लिहिलेलं बघा, सुतार तोंडी "मरीन आहे साहेब" म्हणतो त्याला अर्थ नाही. बाकी बेडरूमच्या कपाटांना आयएस ३०३ चालेल. वर ॲश किंवा ओकचं व्हेनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, आणि बजेट नसेल तर मॅट सनमायका, पण तो असा घ्या की ज्याला लाकडाच्या रेषा छापलेल्या नाहीत, सरळ एक रंग. खोट्या लाकडापेक्षा खरा रंग बरा. पार्टिकल बोर्ड सिंकखाली अजिबात नको, माझ्या स्वतःच्या घरी दोन पावसाळ्यांत पापडासारखं फुगलं.

कपाट सागवान आहे ना? त्यावर चॉक पेंट मारणाऱ्याला माझ्याकडे पाठवा. जुनं पॉलिश पॉलिशपेपरने हलकं उतरवायचं, १२० मग २२० नंबर, खरवडायचं नाही नाहीतर कोरीव पट्टीची धार जाते. मग बेलतेल, म्हणजे उकळलेलं अळशीचं तेल, कापडाने चोळून लावायचं, पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून घ्यायचं, दुसऱ्या दिवशी परत. तीन हात. चमक येत नाही, आतून उजळतं. फक्त एक, तेलाची कापडं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटतात, खरंच पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात टाका. आणि हे पावसाळ्यात करू नका, वाळत नाही, हात चिकटतो. दिवाळीनंतर करा.

आणि भिंतींना रंग द्यायच्या आधी पश्चिमेकडची बाहेरची भिंत तपासा, पाऊस तिकडूनच झोडतो. भेगा असतील तर सोसायटीच्या मागे लागा. ओल आली की पांढऱ्या भिंतीवर काळे ठिपके सगळ्यात आधी दिसतात.

---

पश्चिमेची_खिडकी

अरे बापरे, इतके छान प्रतिसाद, धन्यवाद!

@चहाबिस्किट, मुलगी चार वर्षांची आहे, भिंतीवर रेघा ओढण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही.
@सुतारपक्षी, कापडं पेटतात हे वाचून नवऱ्याला दाखवलं, तो म्हणाला हे काम मी करणार नाही. म्हणजे मीच करणार.
@ऐरोलीकर, गेरूचं भारी आहे. पण मग दिवे कसे करू? आमच्या माणसाने पीओपीचं फॉल्स सीलिंग आणि त्यात अठरा डाउनलाइट काढलेत, कोव्ह लाइट वेगळा, आणि त्यातही रंग बदलणारा.

---

रेघोट्या

खारघरला प्रॅक्टिस करते, आर्किटेक्ट. अठरा डाउनलाइट वाचून चहा सांडला.

स्कँडिनेव्हियन घराचं खरं गुपित फर्निचरमध्ये कमी आणि दिव्यांत जास्त आहे. तिकडे छताच्या मधोमध एक मोठा दिवा लावून आख्खी खोली उजळायची पद्धत नाही, खोलीत पाच-सहा छोटे दिवे, खालच्या उंचीवर, जिथे माणूस बसतो तिथे. बाकी खोली अर्धवट अंधारात राहिली तरी कोणाला काही वाटत नाही. डेन्मार्कचा पॉल हेनिंगसन, तो लहानपणी रॉकेलच्या दिव्यांच्या उजेडात वाढलेला, विजेचे उघडे दिवे आले तेव्हा त्यांची चकाकी त्याला सहन होईना. दिव्यांच्या बाबतीत त्याने आयुष्यभर एकच गोष्ट केली, शेड अशी वळवायची की कुठूनही बघा, बल्ब डोळ्यात येता कामा नये. त्याचा १९५८चा पीएच ५ अजून विकला जातो, जेवणाच्या टेबलावर खाली, अगदी ताटावर उजेड पडेल असा टांगतात. तो घ्या म्हणत नाहीये, तुमचं बजेट तिथेच संपेल. पण तत्त्व फुकट आहे. फॉल्स सीलिंग रद्द करा, तेवढे पैसे वाचवा (छताची उंचीही वाचते, नवीन बिल्डिंगमध्ये तशीही कमीच असते), जेवणाच्या टेबलावर एक लटकता दिवा, सोफ्याशेजारी एक उभा, खिडकीत एक छोटा, सगळे २७०० केल्विनचे, पिवळसर. आपल्याकडे मात्र अडचण अशी की पॉइंट चुकीच्या जागी असतात, म्हणून प्लास्टर-पुट्टी व्हायच्या आधी इलेक्ट्रिशियनला खाली, जमिनीपासून फूटभर उंचीवर जादा सॉकेट काढायला सांगा. आणि किचनमध्ये हा हट्ट नको हं, तिथे भाजी चिरायला भरपूर उजेड लागतो, चार हजार केल्विन बिनधास्त.

भिंतींबद्दल ऐरोलीकरांशी थोडी असहमत. फिकट रंग पूर्ण बाद नका करू, शुभ्र टाळा. ताकासारखा, किंचित पिवळट-राखाडी झाक असलेला मॅट रंग पश्चिमेच्या उन्हात छान शांत दिसतो. आणि ऊन खिडकीच्या बाहेरच अडवा, आत आल्यावर पडदा ओढून खोली तापतेच. ग्रिलला बाहेरून बांबूचे चिक लावता आले तर बघा, सोसायटी फसाडच्या (इमारतीच्या दर्शनी बाजूच्या) नावाने ओरडेल, तरी विचारा. नाहीच तर आत दोन थर, पातळ मलमल आणि वर जाड सुती.

रंग करायचाच तर छताला करा! डेन्मार्कचा डिझायनर फिन युल, त्याचं घर आहे कोपनहेगनजवळ ऑर्ड्रुपला, १९४२ सालचं, स्वतःसाठी बांधलेलं, म्युझियमसारखं बघता येतं. त्याने छतांना वेगवेगळे रंग दिलेत, भिंती शांत ठेवून. मुलीच्या खोलीत हे करून बघा, तिचा हात तिथे पोचणार नाही.

फुलाफुलांच्या पडद्यांना घाबरू नका. योसेफ फ्रँक मूळचा ऑस्ट्रियाचा, ज्यू होता, १९३३ साली व्हिएन्ना सोडून स्वीडनला गेला आणि स्टॉकहोमच्या 'स्वेन्स्क्ट टेन' या दुकानासाठी त्याने काढलेली कापडं बघा, पानं फुलं पक्षी नुसता दंगा. ते दुकान एस्ट्रिड एरिक्सन या बाईंनी १९२४ला सुरू केलेलं. फ्रँकचं म्हणणं असं की कोऱ्या एकरंगी पृष्ठभागापेक्षा नक्षी मनाला जास्त शांत करते. आपल्या इरकल आणि खणाच्या घरात वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको, तरी आपण नवीन घरात शिरताना ते सगळं बाहेर ठेवून येतो.

---

जास्वंद_नेरुळ

मी एरवी नुसतीच वाचते, आज राहवलं नाही. लेक फिनलंडला आहे, तांपेरेला, दोनदा तीन-तीन महिने राहून आले. (फिनलंड स्कँडिनेव्हियात मोडत नाही, नॉर्डिक म्हणायचं, जावई लगेच सुधारतो.)

मला तिच्या घरात सगळ्यात काय आवडलं सांगू? सिंकच्या वरचं कपाट. दार उघडलं की आत तारांच्या फळ्या, खाली तळच नाही! भांडी घासली की ओली तशीच आत लावायची, पाणी थेट सिंकमध्ये निथळतं, दार लावलं की पसारा गायब. मायु गेबहार्ड नावाच्या बाईंनी १९४०च्या दशकात हे लोकांच्या घरांत नेलं, बायकांचा भांडी पुसण्यात किती वेळ जातो याचा अभ्यास करणारी संस्था होती तिकडे, तिथे त्या काम करायच्या. मी लेकीला म्हटलं, अगं हे आपलं ताटाळंच, फक्त दार लावलेलं. नेरुळला आल्यावर सुताराकडून करून घेतलं, स्टीलची जाळी, बाजूला ॲल्युमिनियम, खाली मोकळं. प्लायचं करू नका, कुजेल. पावसाळ्यात दार थोडं उघडं ठेवावं लागतं एवढंच.

आणि त्या भिंतीवरच्या शिडीसारख्या तारेच्या फळ्या हल्ली सगळीकडे दिसतात ना, त्या स्वीडनच्या निसे स्ट्रिनिंगने १९४९ साली केल्या, आणि त्याने आधी काय बनवलं होतं, तर तारेचं भांडी निथळायचं स्टँड! आमच्या सासूबाईंच्या स्टीलच्या मांडणीला मी वीस वर्षं नावं ठेवली, आता हॉलमध्ये पुस्तकांना लावलीय, येणारे जाणारे विचारतात कुठून घेतली म्हणून.

सतरंजीचं म्हणाल तर घरात जुन्या साड्या असतीलच. पट्ट्या फाडून विणून देणारे मिळाले तर उत्तम, नाहीतर सरळ गोधडी शिवून घ्या आणि दिवाणावर टाका. माझ्या आईच्या नऊवारीची वाकळ आहे माझ्याकडे, धावदोऱ्याचे टाके एका जागी वाकडे गेलेत, तेव्हा वीज गेली होती असं ती सांगायची.

खिडकीतल्या दिव्यांचं राहिलंच. नाताळाच्या आधी चार आठवडे तिकडे खिडकीखिडकीत कागदाच्या चांदण्या लागतात, आत दिवा. चारला बाहेर काळोख आणि आख्ख्या इमारतीत चांदण्या. मला पहिल्याच संध्याकाळी रडू आलं, मला वाटलं आकाशकंदील. आपण दिवाळी झाली की आठवड्यात उतरवून माळ्यावर टाकतो. मी आता हॉलच्या खिडकीत एक साधा पांढरा कंदील बाराही महिने ठेवते, शेजारीण विचारते, काकू अजून उतरवला नाही?

---

चहाबिस्किट

काकू +१.

खुर्च्यांसाठी एक भर. डेन्मार्कच्या वेग्नर या डिझायनरची ती वायच्या आकाराच्या पाठीची खुर्ची सगळ्यांना हवी असते, १९४९चं डिझाइन, तिची बैठक कागदी दोरीने विणतात, एका खुर्चीला सव्वाशे मीटरच्या आसपास दोरी लागते. मी त्याची नक्कल घेतली होती ऑनलाइन, तीन पावसाळ्यांत दोरीला वास. वेत घ्या लोकहो, वेत. उल्हासनगरला जुन्या सागवानी खुर्च्या घासाघीस करून मिळतात, वेताची बैठक नव्याने विणून घेतली की झालं, खाली हवा खेळते, घाम येत नाही. छोट्या गोष्टी, म्हणजे दिव्याच्या शेड, उशांची कव्हरं, त्या तुर्भ्याच्या आयकियात एक चक्कर मारून बघा, पण रविवारी जाऊ नका आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन तर अजिबात नका, खेळण्यांपाशीच दिवस संपतो.

---

पश्चिमेची_खिडकी

मंडळी, अपडेट.

इंटिरियरवाल्याशी बोलले. फॉल्स सीलिंग रद्द, त्याचं तोंड उतरलं, पण हॉलच्या तीन भिंतींत खाली सॉकेट काढायला तयार झाला. ताटाळ्याचं कपाट त्याला आधी कळलंच नाही, मग जास्वंदकाकूंचा प्रतिसाद वाचून दाखवला तर म्हणतो "मॅडम हे माझ्या आईलाही करून देतो." चिकांना सोसायटीने अपेक्षेप्रमाणे नाही म्हटलं, फसाड हा शब्द चार वेळा वापरून. तेव्हा मलमल आणि जाड सुती. मुलीच्या खोलीचं छत पिवळं, हळदीसारखं नको म्हटलंय, आंब्याच्या फोडीसारखं.

कपाट. परवा रिकामं करायला घेतलं तर खालच्या खणात तळाशी अंथरलेला कागद होता, तो उचलला. खालचं लाकूड लाल. गेरू लावलेला होता! बाहेरून पॉलिश आणि आत गेरू, कीड लागू नये म्हणून लावत असावेत असं सासूबाईंचं म्हणणं. मी ऐरोलीकरांचं ते फालुनचं सांगितलं त्यांना, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग त्यांनी बाहेरून लावला, आपण आतून." आता बाहेर बेलतेल आणि आतून परत गेरू असं ठरलंय. दिवाळीनंतर. तोवर ते हॉलमध्ये चादर पांघरून उभं आहे आणि मुलगी त्याला भूत म्हणते.

@सुतारपक्षी, गेरूवर तेलाचा हात चालतो का, की कपड्यांना लाल लागेल? साड्या ठेवायच्यात.

---

सुतारपक्षी

नुसता पाण्यातला गेरू लागणारच कपड्यांना. बेलतेलातच गेरूची पूड कालवून दोन हात द्या, आठ-दहा दिवस दारं उघडी ठेवून वाळू द्या, मग पांढरं फडकं घासून बघा. फडकं लाल झालं तर अजून थांबा. साड्यांखाली जुनं सुती कापड अंथराच.

आणि ते कागद फेकलेत का? वर्तमानपत्र असेल तर तारीख बघा की.

---

पश्चिमेची_खिडकी

वर्तमानपत्र नव्हतं हो, कॅलेंडरचं पान होतं, ऑगस्ट महिना, वर्षाचा कोपरा फाटलेला. मागे आजीच्या अक्षरात दुधाचा हिशोब.